जुन्या फळ्या

गाडीची पूजा चालू असताना भटजींनी उपरणं नाकाला लावलं होतं आणि मला वाटलं, त्यांना सर्दी झाली आहे.

मंत्र त्यांनी असे उरकले, जसं काही मागं कुत्रं लागलंय. शालन, माझी बायको, चाकांना हळदकुंकू वाहून झटकन बाजूला झाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मला वाटलं, आनंदानं रडते आहे. गल्लीतले लोक नारळाचा तुकडा हातात पडताच घराकडं वळले. एरवी हीच मंडळी फुकटच्या पेढ्यासाठी तासभर उन्हात उभी राहणारी. माझे साडू आप्पासो खोत मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून बंपरला खोवला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला.

"पावणं, आता तुमी मालक," ते म्हणाले. "आता कुणाच्या दारात उभं ऱ्हायाचं कारण न्हाई."

मी त्यांच्या पाया पडलो.

साडू म्हणजे शालनच्या थोरल्या बहिणीचे, मालनआक्काचे यजमान. त्यांचे तीन-चार ट्रक होते. धंदा काय विचारलं तर सांगायचे, खताचा. कपाळाला गंध, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं मधात बुडवलेलं. गाडी मी त्यांच्याकडूनच घेतली होती.

त्याआधी दोन वर्षं मी घरात बसून होतो. कोल्हापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्रोमच्या टाकीवर काम करायचो. पाइप टाकीत बुडवायचे, काढायचे, आरशासारखे चकाकत पुढं पाठवायचे. टाकीवर पिवळी वाफ असायची. ती किती वर्षं नाकात गेली कोण जाणे. आधी नाकातून रक्त यायला लागलं, मग छाती भरली, जिना चढता येईना. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी नाकात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाल्या, मधल्या पडद्याला भोक पडलंय. छाती सुधारेल, पण वास पुन्हा येईल असं वाटत नाही. टाकीवर परत जायचं नाही.

छाती खरंच सुधारली. वास गेला तो गेलाच. दूध करपलं तरी मला कळायचं नाही, फोडणी जळली तरी कळायचं नाही. जेवणात तिखट, खारट आणि गोड एवढंच उरलं.

आजारपणाचा भत्ता घरी यायचा. माझ्याच पगारातून वर्षानुवर्षं कापून घेतलेला तो पैसा, पण गल्लीच्या लेखी मी फुकट्या. आजारी माणूस अंथरुणाला खिळलेला असावा, त्यानं कण्हावं, अशी लोकांची अपेक्षा असते. तो दाढी करून दारात बसलेला दिसला की तो चोर. माझ्यादेखत कुणी बोलायचं नाही. बोलायचे ते आप्पासो, आणि तेही हसत. लग्नकार्यात चारचौघांत माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचं पावणं. सरकारचं जावई हायत." लोक हसायचे. मीही हसायचो. काय करणार, त्या काळात मला न हसायचीसुद्धा चोरी होती.

भत्ता बंद व्हायची वेळ आली तेव्हा कारखान्यानं हिशेब चुकता करून मला मोकळं केलं. लग्नाआधी मी मामाच्या ट्रकवर होतो. जड गाडीचं लायसन तेव्हाचं होतं, ते मी दरवेळी निगुतीनं वाढवून घेतलं होतं. शालनला म्हटलं, आता नोकरी नको. कुणी टाकीवर उभं करणार नाही, कुणी बस म्हणणार नाही आणि कुणी ऊठ म्हणणार नाही. स्वतःची गाडी घेतो. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

आप्पासोंना कुठून तरी कळलं. दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "भाईरची गाडी कशाला? घरातली हाय की. पावण्याला फसवून मी कुठं जानार?"

गाडी बघायला मी एकटाच गेलो. मला गाडीतलं कळतं, हा माझा तोरा. इंजिन चालू करून कान लावला, पाटे बघितले, आडवं पडून हाउसिंग बघितलं, टायर अंगठ्यानं दाबले, गाडी चढावर घालून क्लच बघितला. सगळं ठाकठीक. नवा कोरा लाल रंग मारलेला, मागच्या हौद्याला आतूनसुद्धा. जुन्या गाडीच्या हौद्याला आतून रंग कुणी मारत नाही. ते दिसूनही मला कळलं नाही. नाक सोडून सगळं घेऊन गेलो होतो.

आता गुळाबद्दल थोडं सांगायला हवं. कोल्हापूरचा गूळ गुजरातला जातो. त्या भाड्याला मान आहे, कारण ते वर्षभर चालतं आणि अडत्याचा एकदा विश्वास बसला की तो गाडीवाल्याला मधेच सोडत नाही. पण गूळ हा फार हळवा माल. शेजारी जे असेल त्याचा वास धरतो. रॉकेल सांडलेल्या गाडीत घातला तर रॉकेलचा होतो. म्हणून मार्केट यार्डात एक रीत आहे. माल चढवायच्या आधी हमालांचा मुकादम रिकाम्या गाडीत चढतो, हौद्याच्या फळीवर तळवा दाबून घासतो आणि तळवा नाकाला लावतो. तो हो म्हणाला तरच ढेपा चढतात.

पारसशेठ नावाचे एक अडते माझ्या मामाला ओळखत होते. त्यांनी मला पहिला माल द्यायचं कबूल केलं. पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी गाडी त्यांच्या दुकानासमोर उभी केली, इस्त्रीचा शर्ट घालून. मुकादम तातोबा म्हातारा माणूस. हौद्याच्या मागच्या फाळक्याला धरून त्यानं एक पाय वर टाकला आणि तिथंच थांबला. आत चढलाच नाही.

"कुणाची रं गाडी ही?" त्यानं विचारलं.

"माझी," मी म्हटलं. मोठ्या ऐटीत म्हटलं.

"कवा घेतलीस?"

"चार दिवस झाले. का वो?"

तातोबानं खाली उतरून पागोट्याच्या शेवानं हात पुसले. "घेताना नाक गहाण टाकलं हुतंस काय? हाडाची गाडी हाय ही."

हमाल हसले. ढेपा तोलणारा माणूस तराजू सोडून बघायला आला, नाक दाबून परत गेला. दुकानाच्या पायरीवर बसून मी तातोबाला सगळं सांगितलं, कारखाना, टाकी, नाक. हमालांचं हसू थांबलं. मग तातोबानं मला समजावून दिलं. मेलेल्या जनावरांची हाडं गावोगावहून गोळा होतात, मिलमध्ये दळली जातात, त्यांचं खत होतं. ओली हाडं वाहून वाहून चरबी लाकडात मुरते. रंग मारा, धुवा, चुना फासा, ऊन पडलं की ती वर येते.

"गाडीचा दोष न्हाई," तातोबा म्हणाला. "पर तुझ्या अंगालाबी येतोय बघ वास. घरात कुनी बोललं न्हाई?"

मी तिथून तडक आप्पासोंच्या घरी गेलो. ते नव्या बंगल्याच्या कामावर उभे होते. फरशी बसत होती. मला बघून त्यांनी चहा मागवला.

"गाडी हाडाची हाय," मी म्हटलं. "यार्डात तातोबानं वळखली."

त्यांनी नाही म्हटलं नाही. कपाळाला हात मारला नाही, शपथ घेतली नाही. बशीत चहा ओतून एक घोट घेतला. "खताचाच माल की तो, पावणं. मी खोटं कुठं बोललो?"

"मला गुळाचं भाडं करायचंय. तुमाला म्हाईत हुतं."

"गुळात काय ठेवलंय? कवा हाय, कवा न्हाई. तुमाला मी मिलचं काम देतो. बारा म्हैने. गाडी तुमची, माल माझा." मग ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणला, घरातलं गुपित सांगावं तसा. "खरं सांगू? ड्रायवर टिकत न्हाईत माझ्याकडं. दोन खेपा करत्यात आन् पळून जात्यात. अन्न जात न्हाई म्हनत्यात. मालन बोलली, शालनच्या मालकांचं नाक गेलंय म्हनून. मी म्हटलं, देवच पावला. तुमच्यासारका मानूस शोधून मिळायचा न्हाई. देवानं तुमचं नाक काढून घेतलं ते काय उगंच न्हवं."

हे ते मायेनं म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत लबाडीसुद्धा नव्हती, आणि त्याचीच मला जास्त शिसारी आली. फसवणारा मनात कुठं तरी चरकतो तरी. या माणसाला वाटत होतं, मी त्यांचे उपकार मानावेत. माझं आजारपण त्यांनी बैलाचे दात बघावेत तसं बघून ठेवलं होतं. वर गाडी माझ्या गळ्यात मारली, म्हणजे टायर फुटला तर माझा, इंजिन बसलं तर माझं, आणि मी जन्मभर त्यांच्या दाराशी.

"हाडं वाहायला मला लाज न्हाई," मी म्हटलं. "कुनीतरी वाहिलीच पायजेत. पर तुमची न्हाई वाहनार."

"मग काय वाहनार?" ते हसून म्हणाले. "यार्डात तर आता सगळ्यास्नी कळलंय."

घरी आलो. शालन भाकरी थापत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"तुला वास आला हुता?"

तिनं विचारलं नाही, कसला म्हणून. पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "आला हुता."

"पूजेच्या दिवशी?"

"त्येच्याबी आधी. दारात गाडी आली तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय झालं असतं? तुमी गाडी परत दिली असतीसा आन् पुन्यांदा त्या खाटंवर पडला असतासा. दोन वरीस मी तुमास्नी त्या खाटंवर बघितलंय. त्या दिवशी तुमी शीळ घालत गाडी पुसत हुतासा. माझ्यानं बोलवलं न्हाई." तव्यावरची भाकरी जळत असणार, कारण ती एकदम वळली आणि तिनं भाकरी उलथली. माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "नाकाचं आक्काला मीच सांगितलं हुतं. बहीण म्हनून. मन हलकं कराय."

मला तिची चीड आली, खोटं कशाला बोलू. त्या रात्री मी तिच्याशी बोललो नाही. जगात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी एकटा इस्त्रीचा शर्ट घालून हिंडत होतो, हा अपमान माझ्यानं गिळवत नव्हता. पण सकाळी चहाच्या कपाशेजारी तिनं आपली बोरमाळ ठेवली होती. "हौदा नवा करून घ्या," एवढंच म्हणाली आणि पाण्याला गेली. मग माझा राग उतरला. म्हणजे तिच्यावरचा.

शिरोलीच्या नाक्याजवळ एक सुतार ट्रकचे हौदे बांधायचा, रज्जाकभाई. त्यानं तोंडाला दुहेरी फडकं बांधून सगळ्या फळ्या उचकटल्या, खालचे आडवे वासेसुद्धा काढले आणि लोखंडी सांगाडा घासून धुतला. नव्या फळ्या बसवल्या. जुन्यांचा ढीग त्यानं शेडच्या पार मागं नेऊन टाकला. "हे लवकर उचल भावा," तो म्हणाला. "माझं गिऱ्हाईक पळाय लागलंय."

नवा हौदा घेऊन मी पुन्हा यार्डात गेलो. तातोबा चढला, तळवा घासला, नाकाला लावला, पुन्हा घासला. "काय न्हाई," म्हणाला. "सागाचा वास हाय नुसता."

पण पारसशेठ गादीवरून उठले नाहीत. ते चिडले नव्हते, अवघडले होते. "बाबासो, वाईट वाटून घेऊ नका. आप्पासो खोत काल इथं येऊन गेले. ते म्हणाले, वर नव्या फळ्या ठोकल्यात, खाली जुन्याच आहेत. दोन दिवस वास दबेल, वापीच्या पुढं ऊन लागलं की वर येईल. माझा माल तिथं परत आला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"खाली वाकून बघा की शेठ."

"मला त्यातलं काय कळतं? तुमचे सख्खे साडू सांगतात. ते तुमच्या वाईटावर कशाला असतील?"

सख्खे साडू. घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर माझ्या शब्दाला कोण विचारतो. त्या एका वाक्यानं आप्पासोंनी मला पुन्हा खाटेवर नेऊन टाकलं होतं. शालनची बोरमाळ गेली, गाडी नवी झाली, आणि तरीही मला हाडांच्या मिलशिवाय वाट राहिली नव्हती. मी दुकानातून बाहेर पडलो.

"शेठ तरी काय करंल?" तातोबा मागून येऊन म्हणाला. "जुन्या फळ्या कुठं टाकल्यास?"

"शेडच्या मागं."

"सगळ्या?"

"सगळ्या. वाश्यांसकट."

"मग त्या दावायच्या की," तातोबा म्हणाला. "खालनं वरनं सगळं लाकूड भाईर पडलंय म्हनल्यावर वाद कशाचा?"

शेठ सुताराच्या शेडपर्यंत येणार नव्हते, हे मला माहीत होतं. पण रविवारी ते कुठं असणार, हेही मला माहीत होतं. आप्पासोंच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. अख्ख्या यार्डाला आमंत्रण होतं. आम्हालाही होतं, आणि शालन बहिणीच्या मदतीला सकाळीच गेली होती. तिला मी काहीच सांगितलं नाही.

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीत फळ्या भरायला जास्त पैसे घेतले आणि वाटेत दोनदा थांबून ओकला. ऊन डोक्यावर आलं होतं. बंगल्यासमोर मांडव होता, सनई लावलेली होती, आणि पहिली पंगत नुकतीच बसली होती. पानावर गव्हाची खीर वाढणं चाललं होतं. पारसशेठ घरच्या मंडळींशेजारी पाटावर, तातोबा हमालांबरोबर शेवटच्या ओळीत. आप्पासो पीतांबर नेसून, अंगावर शेला घेऊन, आग्रह करत फिरत होते.

ट्रॅक्टर फाटकातून आत आला आणि मला ते वाऱ्यासारखं दिसलं. वास मला आला नाही, पण तो कुठपर्यंत पोचला ते दिसत होतं. फाटकाजवळची ओळ आधी थबकली, मग मधली, मग मांडवाच्या टोकाची. घास हातात तसेच राहिले. कुणीतरी पोराला उचललं आणि पळालं. भटजी पूजेतून उठले. तेच भटजी, उपरणं पुन्हा नाकाला.

"ह्ये काय आनलंयसा?" आप्पासो धावत आले.

"तुमच्या फळ्या, आप्पासो," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "गाडीत ऱ्हायल्या हुत्या. म्हटलं, घरभरनीला रिकाम्या हातानं कशाला यायचं."

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली उलटी केली. फळ्या, वासे, खिळ्यांसकट सगळं त्यांच्या नव्या फरशीवर पडलं. वरचा लाल रंग उन्हानं फुगला होता आणि खालून तेलकट काळं पाझरत होतं. माश्या आल्या. माझ्या मागं बायका ओकत होत्या. इतकी वर्षं खताचा धंदा म्हणून ऐकलेल्या सोयऱ्याधायऱ्यांनी ते खत पहिल्यांदा जवळून बघितलं.

पारसशेठ रुमालानं तोंड दाबून मांडवाच्या खांबाला टेकले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"शेठ, ह्या खालच्या. ह्या वरच्या. ते आडवं वासं. मोजून घ्या. गाडीत आता ह्यातलं कायबी न्हाई."

शेठनी तातोबाकडं बघितलं. तातोबा पंगतीतून उठून चार पावलं पुढं आला आणि थांबला.

"तळवा लावायची गरज न्हाई शेठ," तो म्हणाला. "हितनंच कळतंय. सगळं भाईर हाय."

शेठनी आप्पासोंकडं एकदा बघितलं. मग रुमाल थोडा बाजूला करून मला म्हणाले, "उद्या सकाळी गाडी लावा," आणि चपला शोधत निघून गेले. त्यांच्यामागं यार्ड गेलं, मग गाव गेलं. खरकटी पानं आणि भरलेली पानं तशीच राहिली.

आप्पासो हाका मारत होते. बांधकामावरचे गडी हात लावायला तयार नव्हते, ट्रॅक्टरवाला कधीच पळाला होता. शेवटी त्यांनी शेला कमरेला गुंडाळला आणि स्वतः एक फळी ओढायला घेतली. पीतांबराला काळं लागलं. त्यांनी तोंड बाजूला करून ओकारी दिली, आणि पुन्हा ओढायला लागले. बघून मला बरं वाटलं नाही. किळस आली, नुसती किळस. पण भूक लागली होती. मी एका न विस्कटलेल्या पानावर जाऊन बसलो.

"शालन, तुझ्या मालकास्नी सांग की गं," मालनआक्का मांडवाच्या पलीकडून रडत ओरडत होती. "काय ह्ये केलं."

शालन खिरीची बादली घेऊन माझ्यापुढं आली. पदर नाकाला घट्ट बांधलेला, डोळे पाणावलेले. तिनं पानात खीर ओतली, वर तूप सोडलं.

"पावणं," आप्पासो फळीचं एक टोक धरून धापा टाकत म्हणाले, "दुसरं टोक तरी धरा. तुमाला काय त्रास हाय?"

मी उठणार होतो की नव्हतो, मला सांगता येत नाही. शालननं मधे येऊन दुसरी पळी वाढली.

"त्यास्नी जेवू द्या दाजी," ती म्हणाली. "उद्या गुजरातला जायाचंय."